फिंचचा कोट

1922 साली एव्हरेस्टकडे निघालेल्या ब्रिटिश मोहिमेत एका कोटाची यथेच्छ टिंगल झाली. गुडघ्यापर्यंत लांब, फुगीर आणि गोधडीसारखा दिसणारा हा कोट जॉर्ज इंगल फिंच याने स्वतःच्या डोक्याने बेतला होता. बाहेरून बलूनसाठी वापरतात ते घट्ट विणीचं कापड, आत आयडर बदकाची मऊ लव. बाकीची मंडळी ट्वीडचे कोट, लोकरी स्वेटर आणि गॅबर्डीनची जाकिटं घालून होती. इंग्रज सद्गृहस्थाने डोंगरावर जे घालायचं असतं ते त्यांनी घातलं होतं, आणि फिंच अंगावर रजई चढवून आला होता.

तिबेटच्या पठारावरचा वारा हाडांपर्यंत पोचू लागला तशी टिंगल ओसरली. आता आपल्या कोटाचा सगळ्यांना हेवा वाटतो, अशा अर्थाची नोंद फिंचच्या डायरीत आहे. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी फिरायला निघालेल्या लोकांच्या अंगावर जी फुगीर जाकिटं दिसतात, त्यांचा वंश शोधत मागे गेलं तर या कोटापाशी पोचता येतं. पुण्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. त्याचं कारण पुढे येईल.

फिंच हा ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज गावी 1888 साली जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ. शिक्षण झुरिकला झालेलं, त्यामुळे जर्मन अस्खलित आणि आल्प्स अंगणातला. पुढे तो लंडनच्या इंपिरियल कॉलेजात शिकवू लागला. एव्हरेस्टच्या मोहिमा ठरवणाऱ्या समितीत मात्र पब्लिक स्कूल, केंब्रिज आणि लष्कर यांतून आलेल्या लोकांचं वजन होतं. त्यांच्या लेखी हा वसाहतीतून आलेला, नको तितका हुशार आणि नको तितका स्पष्ट बोलणारा माणूस होता. स्वतःचे बूट स्वतः दुरुस्त करतानाचा त्याचा फोटोसुद्धा काहींच्या डोळ्यांत खुपला. कपड्यांच्या इतिहासात हा तपशील महत्त्वाचा आहे. कोट किती गरम आहे याच्याइतकंच तो कोणाच्या अंगावर आहे, हेही त्या वेळी पाहिलं जात होतं.

पण म्हणून ट्वीडवाल्यांना मूर्ख ठरवणं अन्यायाचं होईल. एव्हरेस्टच्या सुरुवातीच्या मोहिमेचा फोटो पाहून बर्नार्ड शॉने त्यांची थट्टा केली होती: आयर्लंडमध्ये सहलीला गेलेली मंडळी अचानक हिमवादळात सापडावी, तसं हे दृश्य दिसतं, असा तिचा रोख होता. तेव्हापासून हा शेरा प्रत्येक पुस्तकात डोकावतो. गंमत अशी की स्वतः शॉ लोकरीचा कट्टर भक्त होता. श्टुटगार्टच्या गुस्टाव्ह येगर या प्राध्यापकाने अंगाला फक्त प्राणिज धाग्याचे कपडे लागावेत असा पंथच काढला होता. त्याच्या नावाचं दुकान 1884 मध्ये लंडनला निघालं आणि शॉ त्या दुकानाचा लोकरी सूट घालून शहरभर हिंडायचा. येगरचं आरोग्यशास्त्र बरंचसं भाबडं होतं. लोकरीबद्दलचा त्याचा आग्रह मात्र डोंगरात खरा ठरला.

लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. वाफ शोषताना तो थोडी उष्णताही बाहेर टाकतो. शिवाय धागा मुळातच कुरळा असल्यामुळे भिजला तरी पार चपटा होत नाही आणि त्याच्या वळणांत हवा शिल्लक राहते. सह्याद्रीतल्या धनगराला हे सांगायची गरज कधी पडली नाही. भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन तो दिवसभर मेंढरांमागे उभा राहतो. घोंगडी भिजते, जड होते, पण आतला माणूस गारठत नाही. तीच घोंगडी सुती असती तर तासाभरात त्याचे दात वाजायला लागले असते. कापसाचा धागा पाणी घट्ट धरून ठेवतो, ओलं कापड अंगाला चिकटतं आणि वाळताना अंगातलीच ऊब घेऊन जातं.

वाऱ्यापुढे मात्र लोकरीचं काही चालत नाही. विणकामाच्या फटींतून तो आरपार जातो. तिथे कामी यायचं ते गॅबर्डीन. इंग्लंडमधल्या बेझिंगस्टोकच्या थॉमस बर्बरीने 1879 मध्ये हे कापड काढलं आणि 1888 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी पाऊस अडवायचा तर मॅकिंटॉशचं रबर लावलेलं कापड असायचं. त्यातून पाणी आत येत नसे, पण घामही बाहेर जात नसे. बर्बरीने विणलेल्या कापडावर लेप न देता सूतच आधी जलरोधक करून घेतलं आणि मग ते अतिशय घट्ट विणलं. कापड हलकं राहिलं, श्वास घेत राहिलं आणि वारा बराचसा बाहेर थांबला. 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुंडसेनने ते वापरलं. स्कॉट आणि शॅकल्टन यांच्या मोहिमांतही ते होतं. तेव्हा आत लोकर आणि बाहेर गॅबर्डीन हा जोड 1922 मध्ये जुनाट नव्हता. बाजारात मिळणारा तो उत्तम माल होता.

फिंचने प्रश्नच वेगळ्या टोकाने धरला. माणसाला ऊब कापड देत नाही, कापडात अडकून स्थिर राहिलेली हवा देते. मग कमीत कमी वजनात जास्तीत जास्त हवा कशात अडकते? आयडर हे उत्तरेकडच्या थंड समुद्रांवर राहणारं बदक. मादी स्वतःच्या छातीची लव काढून घरट्याला अस्तर करते आणि आइसलँडमधले लोक ती लव घरट्यांतून गोळा करत आले आहेत. या लवेचे तंतू एकमेकांत असे गुंततात की मूठभर गोळा सोडला की पुन्हा फुगून मोठा होतो. युरोपातल्या श्रीमंतांच्या रजयांत ती पूर्वीपासून होती. तिला घेऊन डोंगर चढायचा तर दोन अडचणी होत्या. साध्या कापडातून लव बाहेर निसटते आणि वारा आत शिरतो. बलूनच्या घट्ट कापडाने दोन्ही प्रश्न एकदम सुटले. तिसरी अडचण ओलाव्याची. भिजलेली लव गोळा होऊन बसते आणि मग तिचा काही उपयोग राहत नाही. पण एव्हरेस्टच्या वरच्या भागात पाऊस पडत नाही, तिथली थंडी कोरडी असते. कापड निवडताना कोणत्या थंडीसाठी हे आधी ठरवावं लागतं. फिंचने ते ठरवलं होतं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात फिंच, जेफ्री ब्रूस आणि तेजबीर बुरा नावाचा गुरखा शिपाई सुमारे 7,770 मीटरवर एका लहान तंबूत वादळात अडकले. वाऱ्याने तंबू उडून जाईल की काय, अशी अवस्था. ब्रूसने याआधी एकही खरा डोंगर चढलेला नव्हता. दोन रात्री तिथे काढल्यावर 27 मे रोजी फिंच आणि ब्रूस सुमारे 8,320 मीटरपर्यंत गेले. तोवर इतक्या उंचीवर कुणीच पोचलेलं नव्हतं. ब्रूसच्या ऑक्सिजनच्या उपकरणातली काचेची नळी फुटली आणि त्यांना परतावं लागलं. त्या तंबूत सिगारेट ओढल्याने श्वास सुधारतो असाही शोध फिंचला लागला होता आणि तो त्याने गंभीरपणे लिहूनही ठेवला. शास्त्रज्ञाचं सगळंच बरोबर असतं असं नाही.

1924 च्या मोहिमेला समितीने फिंचला घेतलं नाही. त्याच्याबरोबर त्याचा कोटही मागे राहिला. कोट काही समितीशी भांडला नव्हता, पण लव भरलेले कपडे त्या वर्षी कुणी नेले नाहीत.

मग त्या वर्षी लोकांनी काय घातलं? त्या मोहिमेतल्या एडवर्ड नॉर्टनने आपल्या पोशाखाची यादीच देऊन ठेवली आहे. आत जाड लोकरी बनियन आणि तशीच चड्डी, वर जाड फ्लॅनेलचा सदरा, त्यावर दोन स्वेटर, त्यावर हलक्या गॅबर्डीनचं जाकीट आणि गुडघ्यापर्यंतची विजार. विजारीला आतून फ्लॅनेलचं अस्तर. पोटऱ्यांना मऊ काश्मिरी पट्ट्या गुंडाळलेल्या. या सगळ्यावर पायजम्यासारखा ढगळ, अगदी हलका गॅबर्डीनचा आणखी एक सूट. हातांत लोकरी मोजे आणि त्यांवर गॅबर्डीनचे. डोक्यावर मोटारसायकलवाल्यांचं फर लावलेलं चामडी हेल्मेट आणि गळ्यात भलामोठा लोकरी मफलर. एवढ्या जामानिम्यात, ऑक्सिजन न घेता, नॉर्टन 4 जून रोजी सुमारे 8,570 मीटरपर्यंत गेला. बिनाऑक्सिजन त्याहून वर जायला 1978 साल उजाडावं लागलं.

चार दिवसांनी, 8 जूनला, त्याच मोहिमेतले मॅलरी आणि अर्विन शिखराकडे जाताना शेवटचे दिसले. 1 मे 1999 रोजी मॅलरीचा देह उत्तर उतारावर सापडला. पाठीवरचे कपडे ऊन-वाऱ्याने विरून गेले होते, पण अंगाखाली दबलेले तुकडे टिकले होते. गळपट्टीच्या आतली नावाची चिठ्ठी वाचता येत होती. गोडाल्मिंगच्या शिंप्याचा पत्ताही होता. ते तुकडे इंग्लंडात आणून लँकेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने त्यांचा धागा न् धागा तपासला गेला. कोणता थर रेशमी, कोणता लोकरी, वीण किती घट्ट, शिवण कुठे, हे पाहून हुबेहूब नवा पोशाख तयार झाला. 2006 मध्ये ग्रॅहम हॉयलंड या गिर्यारोहकाने तो एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला घालून पाहिला.

निष्कर्ष अनेकांच्या अपेक्षेबाहेरचा निघाला. कपडे हलके होते, उबदार होते आणि हालचालीला अगदी मोकळे होते. मधल्या रेशमी थरांची युक्ती त्यात दिसली. लोकरीवर लोकर घासली की धरून ठेवते, रेशीम घसरतं. हात वर उचलताना प्रत्येक थर दुसऱ्यावरून सरकतो आणि चढणाऱ्याची ताकद कपड्यांशी झगडण्यात जात नाही. एकेका थरामध्ये हवेचा पदर राहतो तो वेगळाच. दिवसा चालत राहायचं आणि रात्री तंबूत परतायचं, तर हा पोशाख पुरेसा होता. उघड्यावर रात्र काढायची वेळ आली तर मात्र नव्हता. फिंचच्या कोटाची गरज नेमकी तिथे लागते.

मॅलरीचा तो पोशाख निवडला होता शिंपी, विणकर आणि वापरणारा यांनी मिळून. प्रयोगशाळा तिथे आलीच नव्हती. ती आली दुसऱ्या महायुद्धात. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात पडलेला वैमानिक काही मिनिटांत गारठून मरत असे. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने त्याच्यासाठी व्हेंटाइल नावाचं कापड विणलं. ते निव्वळ सुती होतं. लांब धाग्याच्या कापसाचं बारीक सूत इतकं दाट विणलं की पाणी लागताच धागे फुगून फटी बंद व्हाव्यात आणि कोरडं असताना घामाची वाफ बाहेर जावी. कापूस पाणी धरतो हा त्याचा दोष. इथे तोच कामाला लावला. समुद्रात जिवंत राहण्याची मुदत या कपड्याने सुमारे 20 मिनिटांपर्यंत गेली. हे म्हणायला हवं की कापडाच्या साऱ्या इतिहासात याहून सुंदर युक्ती क्वचितच सापडेल.

तिकडे अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्सने 1935 मध्ये नायलॉन बनवलं होतं. ते आधी बायकांच्या स्टॉकिंग्जमध्ये आणि लगेचच पॅराशूटमध्ये गेलं. सिएटलमध्ये एडी बॉअर लव भरलेली जाकिटं शिवून विकू लागला होता. फिंचचा कोट समितीला पटला नव्हता, तो बाजाराला आणि लष्कराला पटला.

1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेची तयारी तिचा नेता जॉन हंट याने लष्करी शिस्तीत केली. बाहेरच्या सूटसाठी सूत आणि नायलॉन एकत्र विणलेलं कापड निवडलं गेलं, वाऱ्याच्या बोगद्यात ते तपासलं गेलं, आणि वरच्या छावण्यांसाठी लव भरलेली जाकिटं आणि विजारी आल्या. 29 मे रोजी तेनझिंग आणि हिलरी शिखरावर उभे राहिले, तेव्हा तेनझिंगच्या अंगावर मोहिमेच्या सामानाबरोबर घरचंही बरंच काही होतं. पायमोजे बायकोने, आंग ल्हामूने, विणलेले. स्वेटर दार्जिलिंगच्या हिमालयन क्लबच्या हेंडरसनबाईंनी दिलेला. गळ्यातला लाल रुमाल आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेतला त्याचा जोडीदार रेमंड लँबेर याचा. प्रयोगशाळेत तावून घेतलेल्या कापडाच्या आत अशी ही हातची लोकर शिखरापर्यंत गेली.

आणि त्या दिवशी फिंच होता पुण्याचा नोकरदार. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जानेवारी 1950 मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. तिचे पहिले संचालक मॅकबेन. त्यांच्यानंतर 1952 ते 1957 अशी पाच वर्षं तिथे प्रोफेसर फिंच संचालक होते. एव्हरेस्टवर ऑक्सिजन आणि लवेचे कपडे घेऊन जायलाच हवं असं तीस वर्षांपूर्वी सांगणारा माणूस त्या मे महिन्यात पुण्यात होता, आणि एव्हरेस्ट त्याच दोन्ही गोष्टी बरोबर नेऊन सर झालं. पुढे 1959 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहकांनीच त्याला अल्पाइन क्लबचं अध्यक्षपद दिलं. पुण्यात त्याच्यानंतर संचालक झाले के. वेंकटरामन. ते प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक आणि मुंबई विद्यापीठाच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून आलेले रंगांच्या रसायनशास्त्राचे पंडित. त्या खुर्चीत ओळीने दोन माणसं कापडाशी नातं असलेली बसली, हा योगायोग पुणेकरांनी फारसा मिरवलेला नाही.

यानंतर कथेत वेग येतो. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये 1941 साली विनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला होता. आपल्याकडे तो टेरिलीन आणि टेरिकॉट म्हणून घराघरांत शिरला, इस्त्री मोडत नाही या गुणावर. खेळाडूंना त्याचा दुसराच गुण उपयोगी पडला. साधारण दमट हवेत 100 ग्रॅम कोरडी लोकर 16 ग्रॅमच्या आसपास पाणी धरते, कापूस आठ, नायलॉन चार आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. पाणी धाग्यात शिरतच नाही, ते धाग्यांमधल्या फटींतून पसरतं आणि उडून जातं. पावसाळी ट्रेकला 'कॉटन नको, ड्राय-फिट घाला' असं जे सांगतात त्यामागे एवढंच गणित आहे. वासाचं गणित त्यात धरलेलं नसतं. दोन दिवस वापरलेला पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि दोन दिवस वापरलेली लोकरी बनियन शेजारी ठेवली की लोकर पुन्हा का विकली जाऊ लागली ते कळतं. गेल्या तीसेक वर्षांत मेरिनो मेंढीची लोकर डोंगरवाल्यांच्या अंगावर परत आली आहे, आता अगदी बारीक धाग्याची आणि न टोचणारी.

मधला थर बदलला तो मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्सने. नकली फरच्या कोटांचा बाजार बसल्यावर या गिरणीला नवं गिऱ्हाईक हवं होतं आणि पॅटागोनिया कंपनीच्या इव्हॉन शुइनार्डला भिजलं तरी उबदार राहील आणि झटकन वाळेल असं काहीतरी हवं होतं. पॉलिएस्टरच्या कापडाची लव उकरून तयार झालेलं ते फ्लीस 1980 च्या सुमारास बाजारात आलं. डिसेंबर 1995 मध्ये गिरणी जळाली, तेव्हा मालक आरन फॉयरस्टाइनने काम बंद असतानाही कामगारांचे पगार चालू ठेवले. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला हे वाचून क्षणभर थांबावंसं वाटेल. कंपनी 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली.

बाहेरचा थर बदलला बॉब गोरने. 1969 मध्ये तो टेफ्लॉनचा गरम दांडा हळूहळू ताणायचा प्रयत्न करत होता आणि दांडा दर वेळी तुटत होता. वैतागून त्याने एक जोरात हिसका दिला, तर तो तुटण्याऐवजी कित्येक पट लांब झाला. त्यातून निघालेल्या पापुद्र्यात अब्जावधी सूक्ष्म छिद्रं होती. पाण्याच्या थेंबाला ती फार लहान आणि वाफेच्या रेणूला फार मोठी. बर्बरी आणि शर्ली इन्स्टिट्यूट विणीतून जे साधू पाहत होते ते गोर-टेक्सने एका पापुद्र्यात आणलं. पहिली जाकिटं 1970 च्या दशकात विकली गेली. पण तो पापुद्रा आणि त्यावरचं पाणी झटकणारं लेपन फ्लोरिनच्या रसायनांचं. या कुळातली अनेक रसायनं निसर्गात सहजासहजी विघटित होत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांवर निर्बंध येऊ लागले, आणि आता स्वतः गोर कंपनीच फ्लोरिनशिवायचा नवा पापुद्रा विकते आहे.

शिखराच्या दिवशी मात्र आजही चढणारे फिंचच्याच वाटेने जातात. डोक्यापासून घोट्यापर्यंत एकसंध सूट, बाहेर नायलॉन, आत लव. आयडरची महाग लव परवडत नाही म्हणून हंसाची किंवा साध्या बदकाची. आतल्या थरात मेरिनो किंवा पॉलिएस्टर, मध्ये फ्लीस.

2019 मध्ये एका वैज्ञानिक मोहिमेने एव्हरेस्टवरचं बर्फ आणि खालच्या ओढ्यांचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. पुढच्या वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बर्फाच्या सर्व 11 नमुन्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण होते, त्यांतला सर्वांत उंचावरचा नमुना 8,440 मीटरवरच्या 'बाल्कनी' नावाच्या जागेचा. बहुतेक कण म्हणजे पॉलिएस्टरचे तंतू. त्याखालोखाल अॅक्रिलिक, नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन. म्हणजे जाकिटं, तंबू आणि दोर. सर्वाधिक कण सापडले ते बेस कॅम्पला, जिथे माणसं सर्वांत जास्त दिवस राहतात. कमी तंतू सोडणारं फ्लीस कसं विणायचं यावर आता गिरण्या काम करताहेत, आणि कापड निवडणाऱ्याच्या यादीत वजन, ऊब आणि घाम यांच्या खाली हा एक नवा रकाना वाढला आहे.